ख्रिस्ती गीतकार आणि त्यांच्या गीतांच्या चाली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या मराठी मंडळ्यांमधले (म्हणजे ख्रिस्ती उपासकसमुदायांमधले) गायक, पेटीवादक, मराठी वाङ्मयाचे विद्यार्थी आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण काही प्रश्न एका वाक्यात संपतात आणि काहींच्या मागे शतकभराचा इतिहास असतो.

गीत लिहिणारा आणि चाल देणारा हे बहुतेक वेळा वेगळे का असतात?

कारण ख्रिस्ती उपासनेतील गीत हे मुळात कविता म्हणून जन्माला येते आणि मंडळीला गाता यावे म्हणून नंतर एखाद्या चालीशी जोडले जाते. इंग्रजी गीतसंग्रहाचे कोणतेही पान उघडून पाहावे. गीताच्या डोक्यावर एका बाजूला कवीचे नाव आणि साल असते, दुसऱ्या बाजूला संगीतकाराचे नाव असते, आणि त्याशिवाय चालीचे स्वतःचे एक नाव असते, जे गीताच्या नावाहून अगदी वेगळे असते. त्याच्याच शेजारी ८.६.८.६ असे आकडे छापलेले दिसतात. नवख्या वाचकाला ते पानाचे किंवा वचनाचे क्रमांक वाटतात. प्रत्यक्षात ती प्रत्येक ओळीतील अक्षरांची मोजणी असते. ज्या गीतांचे आकडे जुळतात त्यांच्या चाली एकमेकांना वापरता येतात, म्हणून एकच शब्दरचना एका गावात एका चालीवर आणि दुसऱ्या गावात दुसऱ्याच चालीवर गायली गेली, असे शेकडो वेळा घडले आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या जुन्या पदसंग्रहांतही पदाच्या वर ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध पदाचा पहिला चरण दिलेला असतो आणि गाणाऱ्याने त्यावरून काय ते समजून घ्यायचे असते. फरक इतकाच, की इंग्रजी संग्रहांनी चाल करणाऱ्याचे नाव जपले आणि आपल्या संग्रहांनी ते बहुधा जपले नाही. मराठी ख्रिस्ती गीतांच्या कवींची नावे आपल्याला सांगता येतात. पण त्यांच्या चाली कोणी बांधल्या, हे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘पारंपरिक’ एवढाच शब्द हाती लागतो. या परंपरेच्या इतिहासलेखनातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

मराठीतील ख्रिस्ती काव्याची सुरुवात कोणी केली?

फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, साष्टी भागात त्यांनी आयुष्य घालवले आणि १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मनातल्या मनात वाचण्यासाठी लिहिलेला नव्हता. मंडळीसमोर मोठ्याने, ओवीच्या ढंगात म्हणण्यासाठी तो रचला होता, आणि म्हणूनच गीतपरंपरेच्या आरंभी त्याला स्थान द्यावे लागते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढल्यावर या परंपरेची वाट अडली. पुण्याच्या वाचकांसाठी नोंदवण्यासारखी गोष्ट अशी, की शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यातूनच प्रसिद्ध झाली.

नारायण वामन टिळक यांना एवढे महत्त्व का दिले जाते?

रेव्हरंड टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृत आणि जुने मराठी काव्य यांवर त्यांची पकड होती, कीर्तन त्यांना येत होते आणि एका जागी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थायिक झाले.

मराठी साहित्यात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात, आणि बालकवींसारखा कवी काही काळ त्यांच्या घरी राहिला होता हेही सर्वज्ञात आहे. पण मंडळीच्या दृष्टीने त्यांचे मोठेपण निराळे आहे. त्यांच्या आधीही मराठीत ख्रिस्ती गीते होती. मात्र त्यांतली बरीचशी इंग्रजीवरून आलेली होती आणि ती म्हणताना गाणाऱ्याला आपण दुसऱ्याचा अंगरखा घातल्यासारखे वाटे. टिळकांनी अभंग, ओवी आणि पद हे घरचेच छंद घेतले आणि त्यांतून ख्रिस्तभक्ती बोलती केली. तुकारामरूपी पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि हे केवळ सौजन्याचे उद्गार नव्हते. देवाशी भांडणे, रुसणे, त्याला आई म्हणणे, स्वतःला सर्वांत हीन ठरवून त्याच्या दारात बसणे हा तुकोबांच्या अभंगांतला सगळा व्यवहार टिळकांच्या गीतांत जसाच्या तसा दिसतो. देहू पुणे जिल्ह्यातच आहे. तेव्हा ख्रिस्ती उपासनेत गायल्या जाणाऱ्या या गीतांचे एक मूळ इंद्रायणीच्या काठी आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गीते विपुल आहेत. ‘अभंगांजली’ हा त्यांच्या भक्तिकाव्याचा संग्रह आजही वाचनीय आहे. ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली सुरू झालेल्या नियतकालिकातूनही त्यांचे लेखन वाचकांपर्यंत पोहोचत असे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, साताऱ्यास मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. पण त्यासाठी त्यांना फार अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांच्या आधी मराठीत कोणी चांगला ख्रिस्ती कवी नव्हता का?

होता. नगरच्या मंडळीतील कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांचे नाव या संदर्भात प्रथम घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी देशी चालींवर पुष्कळ रचना केल्या, आणि त्यांपैकी एका समर्पणगीताचा इंग्रजी अनुवाद आल्डेन क्लार्क या नगरच्या मिशनऱ्याच्या हातून होऊन तो परदेशी गीतसंग्रहांत गेला. तेथे त्याच्या मराठी चालीला ‘तन मन धन’ असेच नाव दिलेले आहे. टिळकांच्या तेजामुळे सांगळे झाकले गेले, हे वाङ्मयाच्या इतिहासात नेहमीच घडते; परंतु देशी चालीत ख्रिस्ती पद म्हणायची वाट टिळकांपूर्वीच मळलेली होती, हे विसरू नये.

लक्ष्मीबाई टिळक यांनी गीते लिहिली होती का, की त्या केवळ ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका?

‘केवळ’ हा शब्द ‘स्मृतिचित्रे’च्या संदर्भात वापरणेच अवघड आहे. तरीही प्रश्न रास्त आहे, कारण त्यांच्या आत्मचरित्राच्या लौकिकापुढे त्यांची कविता मागे पडली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली. पतीने धर्मांतर केल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, पुढे नगरला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कवितांचा संग्रह ‘भरली घागर’ या नावाचा आहे.

गीतपरंपरेच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले आणि सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते गेले. उरलेला ग्रंथ, म्हणजे त्यातला फार मोठा भाग, लक्ष्मीबाईंनी उतारवयात रचला. ज्या बाईला पंचविशीच्या आसपास लिहिता येऊ लागले, तिने पतीच्या अपुऱ्या महाकाव्याला आपल्या ओवीने पुरे करणे हा पराक्रम आहे. पण अनेक लेखांतून अजूनही ‘टिळकांचे ख्रिस्तायन’ असाच उल्लेख येतो, आणि तो अन्यायाचा आहे. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द नीट का बसत नाहीत?

हा प्रश्न गायकवृंदातील मंडळी सर्वांत जास्त विचारतात, आणि त्याचे उत्तर गळ्यात नसून छंदात आहे. एक ओळखीचे उदाहरण घेऊ. तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ हा अभंग मोठ्या अभंगाच्या मापाचा आहे, म्हणजे पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा : सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक आहे. आता ‘सुंदर ते ध्यान’ हा चरण आपण बोलताना कसा उच्चारतो ते पाहावे. ‘सुंदर’ मधला ‘र’ आणि ‘ध्यान’ मधला ‘न’ आपण अर्धवट तोडतो, त्यामुळे कानाला चारच ठोके ऐकू येतात. पण छंद सहा मोजतो, आणि वारकरी टाळावर गाताना तो ‘र’ आणि तो ‘न’ पूर्ण उच्चारतो. म्हणजे मराठी पद्याचे अक्षर आणि मराठी बोलण्याचे अक्षर यांत मुळातच अंतर आहे, आणि आपली देशी चाल ते अंतर सांभाळून घेते.

इंग्रजी चाल ते सांभाळत नाही. तेथे बोलण्यातल्या प्रत्येक अक्षराला एक स्वर ठरलेला असतो आणि शब्दाच्या आघातावरच तालाची सम पडते. ८.६.८.६ च्या चालीत मराठी बसवणाऱ्या अनुवादकापुढे दोनच वाटा उरतात. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ मोजायचा, तर ओळ पुरी भरते पण म्हणताना पोथी वाचल्यासारखी होते. तो गाळायचा, तर ओळीत जागा शिल्लक राहते आणि ती भरण्यासाठी ‘तो’, ‘हा’, ‘रे’ अशी भरताड घालावी लागते. शिवाय अनेक इंग्रजी चाली समेच्या आधीच्या एका हलक्या स्वराने सुरू होतात. इंग्रजीत तेथे बिनआघाताचे एखादे उपपद सहज बसते, मराठीत मात्र ओळीचा पहिला शब्दच बहुधा वजनदार असतो, आणि त्याचे पहिले अक्षर समेबाहेर पडले की अख्खी ओळ लंगडते. ऱ्हस्व अक्षरावर लांब स्वर आला की ते दीर्घ होऊन अर्थालाही धक्का लागतो, ही आणखी एक अडचण.

याचा अर्थ असा नव्हे, की अनुवादित गीते टाकून द्यावीत. चार सुरांत गाणारा सराव असलेला गायकवृंद असेल, आणि पाठीशी ऑर्गन असेल, तर त्या चालींचे वैभव वेगळेच असते. नाताळच्या रात्री ते अनुभवावे. परंतु मंडळीतील सत्तर वर्षांच्या आजीने पुस्तक न उघडता डोळे मिटून जे गीत म्हणावे असे वाटते, ते बहुधा अभंगाच्या, साकीच्या किंवा दिंडीच्या चालीतले असते. साकी अठ्ठावीस मात्रांची, दिंडी एकोणीस मात्रांची. हे माप तिला कोणी शिकवलेले नसते, ते कानातच असते.

जगप्रसिद्ध गीतकारांपैकी कोणाचा पुण्याशी प्रत्यक्ष संबंध आला आहे का?

आला आहे, आणि तो कॅम्पातून रोज जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतो. ‘होली, होली, होली’ हे त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) रविवारी जगभर गायले जाणारे गीत लिहिणारे रेजिनल्ड हेबर हे कलकत्त्याचे बिशप होते, आणि कॅम्पातील सेंट मेरीज चर्चचे समर्पण त्यांच्याच हस्ते १८२५ मध्ये झाले. पेशवाई बुडून तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ३ एप्रिल १८२६ रोजी, त्रिचनापल्ली येथे स्नानाच्या हौदात त्यांचा आकस्मिक मृत्यू झाला. ते त्रेचाळिसाव्या वर्षात होते, आणि त्यांचा गीतसंग्रह त्यांच्या पत्नीने १८२७ मध्ये प्रसिद्ध केला.

येथे शब्द आणि चाल यांचा मुद्दा पुन्हा समोर येतो. आज आपण हे गीत ज्या भव्य चालीवर म्हणतो, ती ‘नायसिया’ नावाची चाल जॉन बॅकस डाइक्स यांनी १८६१ मध्ये दिली. हेबर यांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. त्यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध गीत आजच्या रूपात कधी ऐकलेच नाही.

हेबर यांच्याबद्दल लिहिताना दुसरी बाजूही सांगायला हवी. १८१९ मध्ये, भारतात येण्यापूर्वी, त्यांनी मिशनकार्यासाठी एक गीत लिहिले होते, त्यात सिंहलद्वीपाचा निसर्ग रमणीय पण माणूस तेवढा नीच, अशा अर्थाची ओळ आहे. न पाहिलेल्या देशाविषयी केलेल्या त्या विधानावर गांधीजींनीही टीका केली होती, आणि पुढे अनेक गीतसंग्रहांनी ते गीत गाळले. गीतकाराची भक्ती खरी असली तरी त्याची दृष्टी त्याच्या काळाने आखलेली असू शकते.

पुण्याशी जोडलेली आणखी दोन नावे आहेत. निकोल मॅकनिकल हे स्कॉटिश मिशनरी पुण्यात दीर्घकाळ होते. मराठी संतांच्या अभंगांचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. टिळकांच्या एका गीताचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ब्रिटिश मंडळ्यांच्या गीतसंग्रहात समाविष्ट झाला. दुसरे जॅक विन्स्लो. १९२० च्या दशकात त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, त्याचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला होता, आणि तेथे भारतीय आणि युरोपीय सदस्य एकत्र राहत असत. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, टिळकांच्या कवितांचे अनुवाद केले, आणि ते स्वतःही इंग्रजी गीतकार म्हणून पुढे नावारूपाला आले. एरवी गीते इंग्रजीतून मराठीत येत. या दोघांमुळे थोडी उलट दिशेनेही गेली.

गीतांच्या जन्मकथा सांगितल्या जातात, त्या कितपत खऱ्या?

काही खऱ्या, काही अर्ध्या, आणि काही प्रवचनाच्या सोयीसाठी रचलेल्या. सर्वाधिक सांगितली जाणारी कथा जॉन न्यूटन यांची. गुलामांच्या जहाजाचा कप्तान वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, तत्क्षणी धंदा सोडला आणि ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिले, अशी ती कथा आहे. वादळ खरे आहे, ते १७४८ चे. पण त्यानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारात राहिले आणि १७५४ मध्ये समुद्र सोडला तो प्रकृतीच्या कारणाने. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, झाल्यावर ओल्नी या गावी १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी त्यांनी हे गीत लिहिले. ते १७७९ मध्ये, विल्यम कूपर या कवीसोबत काढलेल्या संग्रहात छापले गेले. आणि गुलामगिरीविरुद्ध जाहीर पुस्तिका त्यांनी लिहिली ती १७८८ मध्ये. म्हणजे वादळापासून त्या पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षे गेली. मला ही खरी हकिकत रचलेल्या कथेपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण माणसाचे मन किती सावकाश बदलते ते तिच्यातून कळते. आजची चाल तर न्यूटन यांच्या हयातीत या शब्दांना जोडलेलीही नव्हती. अमेरिकेत विल्यम वॉकर यांनी १८३५ मध्ये ती जोड घातली.

नाताळच्या ‘सायलेंट नाइट’ची कथा अशी सांगतात, की उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे ऐनवेळी गिटारवर गीत रचावे लागले. उंदरांना कसलाही पुरावा नाही. योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने शब्द १८१६ मध्येच लिहिले होते, हे १९९५ मध्ये उजेडात आलेल्या त्याच्या हस्तलिखितावरून स्पष्ट झाले. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाने त्याला चाल दिली आणि दोघांनी ते गिटारच्या साथीने गायले. एवढे मात्र खरे.

होरेशिओ स्पॅफर्ड यांची कथा मात्र मूळ स्वरूपातच हृदयद्रावक आहे. १८७३ मध्ये अटलांटिक महासागरात जहाजांची टक्कर होऊन त्यांच्या चार मुली बुडाल्या. पत्नी तेवढी वाचली. त्या दुःखातून आलेल्या ‘इट इज वेल विथ माय सोल’ या गीताला फिलिप ब्लिस यांनी १८७६ मध्ये चाल दिली आणि तिला बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेल्वेचा पूल कोसळून झालेल्या अपघातात ब्लिस स्वतः मरण पावले.

फॅनी क्रॉसबी यांनी खरोखर आठ हजार गीते लिहिली का?

आकडा साधारण तेवढाच सांगितला जातो आणि तो अविश्वसनीय नाही. अमेरिकेत १८२० मध्ये जन्मलेल्या क्रॉसबी यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्या जवळजवळ पंच्याण्णव वर्षे जगल्या. गीते त्या मनात रचून दुसऱ्याकडून लिहवून घेत. एकाच संग्रहात एकाच बाईची किती गीते छापायची, या संकोचाने प्रकाशक त्यांची गीते वेगवेगळ्या टोपणनावांनी छापत, आणि अशी टोपणनावे दोनशेच्या आसपास होती. प्रत्येक गीताचे त्यांना एक-दोन डॉलर मिळत, मग ते गीत पुढे कितीही खपो.

त्यांच्याकडे काम बहुधा उलट्या क्रमाने होई : चाल आधी, शब्द मागून. विल्यम डोन हे संगीतकार १८६८ मध्ये घाईत आले, गाडीला चाळीस मिनिटे होती, त्यांनी पेटीवर चाल वाजवून दाखवली आणि तेवढ्या वेळात क्रॉसबी यांनी गीत पुरे केले, ही आठवण प्रसिद्ध आहे. आठ हजारांतली फार थोडी टिकली, हेही सांगितले पाहिजे. चार्ल्स वेस्ली यांनी सहा हजारांवर गीते लिहिली, त्यांच्याबाबतही तेच झाले.

कॅथलिक चर्चमध्ये मराठी गीते उशिरा का आली?

मिस्साविधीची, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची, भाषा लॅटिन होती म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीसंबंधीचा दस्तऐवज संमत केला, आणि लोकभाषेला विधीत जागा मिळाली. त्यानंतर वसईपासून मराठवाड्यापर्यंत मराठी गीतांची निर्मिती वाढली, आणि तबला-पेटीवरचे भजन वेदीजवळ आले. पुण्याच्या कॅम्पात इंग्रजी आणि कोंकणीचाही वावर असल्यामुळे तेथे मराठी मिस्सा ही अनेक मिस्सांपैकी एक असते.

‘अबाइड विथ मी’ ही चाल आम्ही दिल्लीच्या संचलनात ऐकली आहे. ती ख्रिस्ती गीताचीच ना?

होय. हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन पाळकाने १८४७ मध्ये, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ते गीत पुरे केले. विल्यम हेन्री मंक यांची चाल १८६१ ची. गांधीजींचे ते आवडते गीत होते. ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात सेनादलाचे वाद्यवृंद ती चाल वर्षानुवर्षे वाजवत. २०२२ पासून ती तेथे वगळण्यात आली.

जुनी गीते ध्वनिमुद्रित करण्यासाठी परवानगी लागते का?

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याचा कृतीवरील हक्क टिकतो. नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक या दोघांच्याही रचना आता मुक्त आहेत. विन्स्लो यांचे निधन १९७४ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या गीतांना हे लागू नाही. मुख्य खबरदारी अशी, की शब्द जुने असले तरी चाल, वाद्यमेळ किंवा अनुवाद नवा असू शकतो आणि त्या प्रत्येकाचा हक्क वेगळा असतो. एखाद्या हयात संगीतकाराच्या चालीवर टिळकांचे पद गायले तर शब्दांसाठी नाही, पण चालीसाठी परवानगी लागेल. प्रत्यक्ष धार्मिक विधीत गाण्याला कायद्याने सूट दिली आहे. मात्र तेच गायन मुद्रित करून विकणे किंवा इंटरनेटवर टाकणे ही वेगळी बाब आहे, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

घरातल्या जुन्या वहीतील गीताचा कवी कसा ओळखावा?

प्रथम शेवटचे कडवे वाचावे. अभंगाच्या वळणाच्या गीतात कवीची नाममुद्रा बहुधा तेथेच असते. ‘दास म्हणे’ अशी मोघम मुद्रा असेल तर मात्र एवढ्यावरून काहीही ठरवू नये, कारण ती अनेकांनी वापरली आहे. त्यानंतर ध्रुवपदाचा पहिला चरण घेऊन ‘उपासना संगीत’च्या अनुक्रमणिकेत शोधावा आणि शक्य तितकी जुनी आवृत्ती वापरावी, कारण पुढच्या आवृत्त्यांत गीत क्रमांक बदलतात, कडवी कमी होतात आणि भाषाही कधी कधी आधुनिक केली जाते. छंद मोजावा. ओळी ८.६.८.६ अशा पडत असतील आणि यमक एकाआड एक ओळीला असेल, तर मूळ इंग्रजीत असण्याचा संभव मोठा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक असेल तर ती देशी रचना समजावी.

वहीत गीताच्या वर चालीची खूण असेल, एखाद्या नाटकातील पदाचा चरण किंवा रागाचे नाव, तर ती उतरवून घेताना गाळू नये. घरातल्या ज्येष्ठांना ते गीत येत असेल तर शब्द विचारण्याआधी त्यांच्याकडून ते म्हणवून घ्यावे आणि मोबाइलवर मुद्रित करावे. शब्द पुस्तकात सापडतील. त्या घरात, त्या मंडळीत ते कोणत्या वळणाने म्हटले जात होते, ते दुसरीकडे कोठेही सापडणार नाही.